चार बोटं उघडणारा फ्रीज

पेठ वडगाव,
रविवार, ११ मे २०२५

ती. बापूसो दाजींना,

अनेकांतचा जय जिनेंद्र. रूपालीआक्कालाही सांगावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावं. आईची तब्येत ठीक आहे; दात सोडले तर तिचं बाकी सगळं जागच्या जागी आहे. आदितीनं कैरीचं लोणचं घातलंय आणि निपाणीकडं येणारं कुणी भेटलं की बरणी धाडणार आहे.

दीड महिना तुम्हाला पत्र नाही, धड फोनही नाही, याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही फोन केलेत तेव्हा मी उन्हाबद्दल बोललो, टोमॅटोच्या दराबद्दल बोललो, आणि "फ्रीज कसा चाललाय?" असं तुम्ही विचारलंत की रेंज गेल्यासारखं केलं. रेंज गेली नव्हती. (त्या दिवशीच्या डायरीत 'खोटं बोललो नाही, फक्त खरं सांगितलं नाही' असं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी खाली 'म्हणजे खोटंच' अशी भर घातली आहे.) आता हे पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझं वाक्य अर्ध्यातून उचलून स्वतःच पुरं करता. ते माझ्यापेक्षा बरं होतं, म्हणून मी हो म्हणतो. या वेळचं वाक्य मलाच पुरं करायला हवं.

तर फ्रीज. तो तुम्ही तुमच्या मोटारीसाठी घेतलात. मे महिन्याच्या सुट्टीत हुमचा-धर्मस्थळ करायचं, वाटेत आक्काला घरचं दूध-ताक मिळावं, हा हेतू. आक्काचं म्हणणं असं की जे ताजं आहे त्याला फ्रीज लागत नाही आणि ज्याला फ्रीज लागतो ते ताजं नाही. तुमच्या घरात या विषयावर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की होळीनंतर तुम्ही तो खोक्यासकट वडगावात आणून ठेवलात आणि म्हणालात, मेपर्यंत रुद्राप्पाला वापरू दे, मग मी घेऊन जाईन.

रुद्राप्पांना तुम्ही ओळखता, पण त्यांचं दुखणं तुम्हाला पुरतं सांगितलं नव्हतं. ते वडिलांच्या वेळेपासून आमच्या ट्रकवर आहेत. जानेवारीत डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन सुरू केलं आणि गाडी चालवायची तर दोन अटी घातल्या: औषध गार राहिलं पाहिजे आणि जेवण वेळेवर झालं पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या ट्रकची केबिन म्हणजे गुऱ्हाळाची चुलवण. थर्मासमधला बर्फ गोव्याच्या वाटेवर आजऱ्यापर्यंतसुद्धा टिकला नाही. एकदा औषध तापून वाया गेलं, त्यांना कळलं नाही, तेच टोचत राहिले आणि घरी आले ते दारात बसूनच राहिले. मग शिवगंगावहिनींनी (त्यांच्या मंडळी) आमच्या अंगणात येऊन, आईसमोर, निकाल दिला. "औषध गार तर धनी गाडीवर. औषध गरम तर धनी घरात, शेरडं राखायला." त्या गेल्यावर रुद्राप्पा म्हणाले, "शेरडाला आरसा नसतोय, अण्णा. मागं काय चाललंय कसं कळायचं?" आणि थोड्या वेळानं, हाताकडं बघत, "स्टेअरिंग नसलं की ह्येंचं काय करायचं, ठावं न्हाई मला." माणूस विनोद करत होता, पण हात खरंच मांडीवर नुसते पडले होते. म्हणून तुमचा फ्रीज आला तेव्हा आम्हा सगळ्यांना तो देवानं धाडल्यासारखा वाटला. (देव असं काही धाडत नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही धाडलात.)

इथपर्यंत कुणाचंच चुकलं नाही. पुढं क्रमानं सांगतो, म्हणजे चूक कुणाची ते तुम्हाला ठरवता येईल. मला आलेलं नाही.

आई म्हणाली, नवी वस्तू आहे, पाडव्याला पूजा करू, तोवर खोकं उघडायचं नाही. रुद्राप्पा लिंगायत, आम्ही जैन, पण नव्या वस्तूला दृष्ट लागते यावर दोन्ही बाजूंचं एकमत. आईनं खोक्याला आपलं जुनं लुगडं गुंडाळून ते धान्याच्या कोठीशेजारी ठेवलं. इकडं आमचा वेल्डर गुंडू पाडव्यानंतर मिळणार नव्हता, कारण तो सासनकाठीबरोबर जोतिबाला जातो आणि यात्रा झाल्यावरही बरेच दिवस यात्रेतच असतो. म्हणजे फ्रीज बसवायची लोखंडी चौकट पाडव्याआधीच तयार पाहिजे. मी टेप घेऊन लुगड्यावरून माप घेतलं. लुगड्याची जाडी वजा केली. आतल्या थर्माकोलचा अंदाज धरून तोही वजा केला. (विज्ञान शाखेची पदवी आहे, तिचा उपयोग व्हावा असं वाटतं.) लांबी, रुंदी, उंची, तिन्ही मापं बिनचूक निघाली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

केबिनमध्ये सीटच्या मागं आडवी होण्यापुरती एक फळी आहे आणि तिच्याखाली मोकळी जागा. चौकट तिथं बसवायची ठरली. ऊन लागत नाही, पाय लागत नाही. गुंडूनं विचारलं, दार कुठल्या अंगाला? आई, रुद्राप्पा आणि मी, तिघांनी एका तोंडानं सांगितलं, पुढच्या. फ्रीजचं दार पुढंच असतं; आमच्या स्वयंपाकघरात आहे, तुमच्यात आहे, गुंडूकडंही आहे. खोक्यावर चित्र होतं म्हणतात. ते लुगड्याखाली होतं.

पाडव्याला आईनं लुगडं सोडलं, हळद-कुंकू वाहिलं, मी णमोकार म्हटला, रुद्राप्पांनी विभूतीची तीन बोटं ओढली, नारळ फुटला. फ्रीज चौकटीत सरकवला तेव्हा तो असा बसला की मला माझाच अभिमान वाटला. गुंडूनं दोन्ही टोकांच्या मुठींमधून लोखंडी पट्टी घेतली, फ्रीजवर ओलं पोतं टाकलं आणि पट्टी चौकटीला वेल्ड करून टाकली. बोल्ट मारू या का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "बोल्ट गोव्याच्या घाटात ढिलं हुतंय. ह्ये आता गाडी भंगारात गेल्याबिगर सुटत न्हाय." आणि हत्यारं आवरायला लागला.

मग रुद्राप्पा औषध ठेवायला वाकले आणि दार शोधू लागले. पुढं नव्हतं. मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आई खाली उभी होती, ती म्हणाली, पुस्तक वाच की. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की झाकण वर उचलावं. मी उचललं. ते चार बोटं उघडलं आणि वरच्या फळीला टेकलं.

आईनं चौथ्या बोटापर्यंत मोजून खात्री केली आणि म्हणाली, तसा उघडतोय. वडिलांनी माझं नाव अनेकांत ठेवलं. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, हे धर्मात फार मोठं तत्त्व आहे. झाकणाला एकच असते.

आता पट्टी कापावी म्हटलं तर रुद्राप्पा आडवे आले. पूजा होऊन बसलेली वस्तू त्या जागेवरनं हलवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. "बसलेला देव आन् बसलेला फ्रीज हलवू न्हाई." त्यातून पहिल्याच फेरीला परतीचा माल न शोधता मिळाला, त्यामुळं त्यांची खात्रीच झाली. (या श्रद्धेचा मी मान राखावा की तिला विरोध करावा, यावर डायरीची बरीच पानं गेली आहेत. निकाल नाही. कांदा-बटाटा मी खात नाही, पण ट्रकमध्ये भरून म्हापशाला नेतो, याचाही अजून निकाल नाही.)

राहिला प्रश्न हाताचा. रुद्राप्पांचा पंजा म्हणजे सूप. तो त्या फटीत मनगटापर्यंतही जात नाही. आईचा जातो, पण पाटल्या अडकतात. शिवगंगावहिनी तपासायला आल्या, त्यांचा हात छान गेला, औषध गार असल्याची खात्री करून त्या संतुष्ट होऊन घरी गेल्या. पण त्या काही गोव्याला येणार नव्हत्या. माझा हात मात्र कोपरापर्यंत आत जातो आणि चारही कोपरे फिरून येतो. कॉलेजात पंजा लढवताना या हाताला सगळे हसायचे. त्या हाताला आता प्रथमच काम मिळालं, आणि म्हणून पाडव्यापासून प्रत्येक फेरीला मी रुद्राप्पांच्या शेजारी बसून गोव्याला जातो. ट्रकचा मालक म्हणून नाही, हात म्हणून. तुमचे फोन मी बहुतेक वेळा आंबोलीत घेत होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

फ्रीजबद्दल तक्रार नाही. वस्तू उत्तम आहे. चार बोटांत जे मावतं ते सगळं गार राहतं: दशम्या, धपाटी, चपटा डबा, पिशवीतलं ताक. बाटली मावत नाही, कलिंगडाचा विषयच नाही. सुरुवातीला मी उत्साहानं तो इतका गार केला की ताकाचा दगड झाला. औषध गोठलं की तेही वाया जातं, हे डॉक्टरांकडून कळल्यावर तापमानाचा आकडा वाढवला, आणि आता घाटात दर वळणाला मी मागं वळून आकडा बघतो. रुद्राप्पा म्हणतात, "रस्ता मी बघतोय, तुमी आकडा बघा." म्हापशाला एकदा इंजिन बंद ठेवून दिवसभर फ्रीज चालवला, तर बॅटरी बसली आणि शेजारच्या गाडीवाल्याकडून वायर लावून चालू करून घ्यावी लागली. बॅटरी वाचवणारं एक बटण आहे, पण ते दाबलं की बॅटरी उतरताच फ्रीज स्वतःहून बंद पडतो. गाडी वाचवावी की औषध, असा प्रश्न होता. मी औषध धरलं. गाडी ढकलता येते, असं तेव्हा वाटलं होतं. दहा माणसांनाही येत नाही.

परत येताना सीमेवरच्या तपासणी नाक्यावर गोव्याची दारू शोधतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. ट्रकच्या केबिनमध्ये फ्रीज, त्याला लोखंडी पट्टी, आणि झाकण म्हणाल तर पुरतं उघडत नाही. माझा चेहराही पहिल्यापासून अपराध्याचा. शाळेत खडू हरवला तरी मास्तर माझ्याकडं बघायचे. तिथल्या साहेबांनी बॅटरी मारून बघितलं, वास घेतला आणि विचारलं, आत काय? मी म्हणालो, दशमी. कोल्हापूरचा ट्रक गोव्याहून येतोय, फ्रीज आहे, आणि आत दशमी आहे, यावर त्यांचा विश्वास बसला नाही; माझाही बसला नसता. मग त्यांनी एका कॉन्स्टेबल बाईंना बोलावलं. त्यांनी हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली: इन्सुलिनची दोन पेनं, दशम्यांची चळत, ताकाची पिशवी. त्या साहेबांना म्हणाल्या, "सर, हे लोक आपल्यापेक्षा सोवळे आहेत." तेव्हापासून त्या आम्हाला ओळखतात.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मी सूर्यास्तानंतर खात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रुद्राप्पांनाही संध्याकाळचं इन्सुलिन घेऊन वेळेवर जेवायचं असतं. त्यामुळं आंबोलीच्या अलीकडं एका वळणावर, उन्हं उतरत असताना, आमची गाडी थांबते. मी हात घालून पेन काढून देतो. ते सदरा वर करून टोचून घेतात, मला तोंड फिरवायला सांगतात, आणि मग आम्ही दोघं बंपरवर बसून जेवतो. एक धर्मामुळं, एक डॉक्टरमुळं. ते वडिलांच्या गोष्टी सांगतात. वडील घाटात गाणी म्हणायचे, हे मला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरी त्यांनी कधी शीळसुद्धा घातली नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. गेल्या सोमवारी शिरोळला आदितीच्या माहेरी लग्न होतं आणि मी फेरीला गेलो नाही. रुद्राप्पा म्हणाले, मी बघतो की. आईनं स्वयंपाकघरातला चिमटा दिला. मी दोन्ही पेनं झाकणाच्या तोंडाशी ठेवली. पण घाटाला माझी मांडणी मान्य नव्हती. वळणावर थांबून त्यांनी झाकण उचललं तेव्हा पेनं पार मागच्या कोपऱ्यात गेली होती आणि चिमट्यात दशमी येत होती. त्यांनी दशमी परत ठेवली. इन्सुलिन नाही म्हणून जेवले नाहीत, तसेच म्हापशाला गेले, माल उतरवला आणि सकाळी परत निघाले. मला फोन केला नाही. लग्नात कशाला त्रास, असं त्यांना वाटलं. मी तिथं जिलेबी खात होतो.

नाक्यावर त्याच बाई होत्या. गाडी थांबली पण ड्रायव्हर खाली उतरेना, म्हणून त्या चढून वर गेल्या. रुद्राप्पा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते आणि पाणी मागत होते. त्यांनी बाईंना एवढंच सांगितलं, "मागं कोपऱ्यात हाय. तुमचा हात जातोय." बाईंनी पेन काढून दिलं, जवळच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांसमोर औषध दिलं, खाऊ घातलं आणि मग मला फोन केला. त्या रागावल्या नव्हत्या. माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं, "माणसाचं औषध त्याच्याच हाताला येणार नाही असं कुणी बसवलंय?" मी रुद्राप्पांची श्रद्धा सांगायला लागलो, पाडवा सांगितला, लुगडं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. घ्यायला कधी येताय?"

एसटीनं गेलो आणि बदली ड्रायव्हर घेऊन दोघांना, म्हणजे रुद्राप्पांना आणि ट्रकला, घेऊन आलो. आता ते बरे आहेत. शिवगंगावहिनींना अजून पुरतं सांगितलेलं नाही. परवा त्या औषध बघायला येणार आहेत, आणि त्या विचारतील.

आक्काला नमस्कार सांगावा. मुलांना आशीर्वाद. चूकभूल माफ करावी, ती बरीच आहे.

तुमचा,
अनेकांत

ता. क. फ्रीज मेमध्ये परत द्यायचा असं आपलं ठरलं होतं. मे लागला. तो परत देता येणार नाही. या वर्षी हुमच्याला तुम्ही त्याच्याशिवाय जावं, अशी माझी विनंती आहे. पत्राच्या सुरुवातीला हेच लिहायचं होतं, पण तुम्ही सुरुवात वाचून फोन करता.

ता. क. २. आक्कानं आईला फोनवर सांगितलंय की तो डबा परत घरात आणू नका, मोटारीत ठेवला तर मी मोटारीत बसणार नाही. हे मला माहीत नाही असं धरून तुम्ही उत्तर द्यावं. दुसऱ्याच्या घरातलं ऐकलेलं वापरून परवानगी मिळवणं मला बरोबर वाटत नाही. (तरी लिहिलं. डायरीत बघतो.)

ता. क. ३. एक गोष्ट वर लिहिली नाही. पाडव्याच्या दिवशी, जोतिबाला निघताना, गुंडू मला बाजूला घेऊन म्हणाला होता की पट्टीला हात लावायची गरजच नाही. झाकणाच्या वरची फळी तेवढी कापली की फ्रीज पुरता उघडतो. देव हलत नाही, काही हलत नाही. मी म्हणालो, बघू. त्या फळीवर फेरीला मी झोपतो. मधोमध भोक पडलं की तिथं माणूस आडवा होऊ शकत नाही, आणि झाकण उघडलं की माझ्या हाताची गरजही उरत नाही. एवढे दिवस मी रुद्राप्पांच्या श्रद्धेवर पानं भरत होतो. फळीवर एक ओळ लिहिली नाही.

काल हे रुद्राप्पांना सांगितलं. ते खाटेवर बसून भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "मला ठावं हाय की. गुंडू आदी मलाच बोललाता." मी विचारलं, मग देव हलवू नये वगैरे? ते म्हणाले, "त्येबी खरंच हाय." मग बोलला का नाहीत? त्यांनी भाकरी खाऊन संपवली. मग म्हणाले, "तुमी येतायसा म्हणून. तुमचं वडील गेल्यापास्नं त्या वळणावर मी एकलाच जेवतोय." आतून वहिनींनी विचारलं, काय चाललंय? दोघंही म्हणालो, काही नाही.

उद्याचं काम: वहिनी यायच्या आत गाडी गुंडूकडं नेऊन फळी कापून घेणे.